उमेदवारी : एक शब्द आणि एक पेशा

मध्यम आकाराच्या वकिली पेढ्यांतून कनिष्ठ वकील वर्षा-दोन वर्षांत निघून जातात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे खापर बहुधा नव्या पिढीच्या चंचलपणावर फोडले जाते. प्रस्तुत टिपणात हा प्रश्न पेशाच्या परिभाषेच्या आधारे तपासावयाचा आहे. कारण संस्था मोडकळीस आली तरी तिचे शब्द मागे राहतात.

ज्येष्ठ वकिलाकडे शिकत राहण्यास मराठीत 'उमेदवारी' म्हणतात. फारसीत 'उमेदवार' म्हणजे आशा बाळगणारा. कचेरीच्या जुन्या व्यवहारात नेमणुकीच्या आशेने बिनपगारी राबणाऱ्यास हे नाव मिळाले आणि तेथून ते वकिलाच्या ओसरीवर आले. येथे करार नव्हता, वेतनाची हमीही नव्हती. पुढेमागे ज्येष्ठांची अशिले आपल्याकडे येतील, ही उमेद हेच बंधन होते. मुंबईच्या सॉलिसिटरांची रीत याहून निराळी. त्यांचा 'आर्टिकल्ड क्लार्क' लेखी कराराने ठरावीक मुदतीपर्यंत बांधलेला असे. एकीकडे आशेने धरून ठेवणे, दुसरीकडे कराराने.

ही दोन्ही बंधने क्रमाने सैल झाली. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेपूर्वी प्रशिक्षणाची अट होती. ती १९७३ च्या दुरुस्तीने गेली. १९७६ च्या दुरुस्तीने सॉलिसिटरांचा स्वतंत्र कायदेशीर वर्ग संपुष्टात आला. त्यांची परीक्षा राहिली, परंतु पेशात शिरण्याचा तो अनिवार्य मार्ग उरला नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा सक्तीचे केले, ते नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द ठरविले. तात्पर्य, करार गेला आणि केवळ आशा उरली. परंतु मोठ्या पेढीचे वेतन किंवा कंपनीतील नोकरी समोर असता आशेवर कोण किती काळ थांबणार?

याची किंमत कोण मोजतो, हे पाहावयाचे तर पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावाकडे वळावे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यांत गव्हाणही होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम १८ अन्वये, निवाड्यातील मोबदला अमान्य असलेल्या शेतकऱ्यास प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करता येई. असे दावे वर्षानुवर्षे चालत. वकीलपत्रावर ज्येष्ठाचे नाव असले, तरी सातबारा, फेरफार आणि वारसनोंदी यांचा मेळ घालण्याचे काम सामान्यतः कनिष्ठाचे. तो गेला की कागद दप्तरात राहतात, पण त्यांचा परस्परसंबंध त्याच्याबरोबर जातो.

१९८४ च्या दुरुस्तीने आलेले कलम २८-अ या दृष्टीने बोलके आहे. त्याच अधिसूचनेतील एका शेतकऱ्यास न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर कलम १८ खाली न गेलेल्या त्याच्या शेजाऱ्यासही फेरनिर्धारण मागता येई. मात्र न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत. कोणाचा निकाल केव्हा लागला आणि त्याचा शेजारी कोण, हे ध्यानात ठेवणारा माणूस पेढीत नसेल, तर मुदत निघून जाण्याची भीती उघड होती. १ जानेवारी २०१४ पासून हा कायदा निरसित झाला. तथापि दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही दाव्यास हा विचार आजही लागू पडतो.

'अशील' हा शब्दही येथे आठवावा. अरबी विधिभाषेत 'असील' म्हणजे मूळ पुरुष, ज्याच्या वतीने 'वकील' उभा राहतो तो. वकील बदलला तरी असील तोच राहतो आणि प्रत्येक नव्या कनिष्ठास त्याला आपली हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते.

विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. तरीही उमेदवारीची भिस्त निव्वळ आशेवर ठेवता येत नाही, याची ती कबुली होय. तेव्हा कनिष्ठाच्या चंचलपणाची चर्चा करण्यापूर्वी, त्याने थांबावे यासाठी आशेखेरीज आपण त्याला काय देतो, हा प्रश्न पेढ्यांनी स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.