हाताचे चित्र आणि खांद्याचे निदान

मानवी देहाच्या अंतर्भागाचे दर्शन घडविणाऱ्या दोन मोठ्या शोधांचा आरंभ हातापासून झाला, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात बहुधा एक मौजेचा योगायोग म्हणून नमूद केली जाते. २२ डिसेंबर १८९५ रोजी व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले. बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी त्यात स्पष्ट उमटली. त्यानंतर ८२ वर्षांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातून चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे ज्यास आज सर्वत्र एमआरआय म्हणतात त्या पद्धतीने, घेतलेली जिवंत मनुष्याची पहिली काही चित्रे प्रसिद्ध झाली. तीही बोटाची आणि मनगटाची होती. पीटर मॅन्सफील्ड यांचे विद्यार्थी अँड्र्यू मॉड्स्ली यांनी स्वतःचे बोट चुंबकात धरले होते. एकेका चित्रास १५ ते २३ मिनिटे लागत. त्याच विद्यापीठातील हिन्शॉ, बॉटमली आणि हॉलंड यांनी घेतलेले मनगटाचे छेदचित्र डिसेंबर १९७७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले.

योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी मात्र ही गोष्ट नाही. प्रारंभीच्या चुंबकांची पोकळी अरुंद होती. तीत बोट किंवा मनगट शिरू शके आणि पंधरावीस मिनिटे निश्चल ठेवता येई; संपूर्ण देहास तेथे जागा नव्हती. हाताची निवड वैद्यकीय गरजेने केलेली नव्हती, ती यंत्राच्या मर्यादेने केलेली होती. ज्या सांध्याच्या रोगांबाबत वैद्यकास अशा चित्राची निकड अधिक होती, तो खांद्याचा सांधा होय.

खांद्याची उखळी उथळ असते. बाहूच्या हाडाचे गोल डोके तीत सांभाळून धरण्याचे काम मुख्यत्वे चार स्नायूंच्या कंडरा करतात. या कंडरांच्या वेष्टनास वैद्यकात ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हे वेष्टन फाटू शकते, हे १८३४ मध्येच जे. जी. स्मिथ यांनी शवांतील सात उदाहरणांवरून लंडनमध्ये प्रसिद्ध केले होते. परंतु जिवंत रुग्णात ही फाटलेली कंडरा कोणास दिसत नव्हती. १८७२ मध्ये पॅरिसचे सिमों द्युप्ले यांनी दुखऱ्या, आखडलेल्या खांद्याच्या विकारास सांध्याभोवतीचा दाह असे नाव दिले. हे नाव इतके सोयीचे ठरले की पुढे अनेक निरनिराळे विकार त्याच्या आड दडून राहिले.

क्ष-किरणांनी ही अडचण दूर केली नाही, कारण कंडरा त्यांना जवळजवळ पारदर्शक असते. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांना ही मर्यादा उत्तम ठाऊक होती. त्यांनी स्वतः १८९९ पासून तेथील बालरुग्णालयात क्ष-किरण चित्रणाचे काम केले होते. त्यांनी १९०९ मध्ये फाटलेली कंडरा शस्त्रक्रियेने सांधली आणि १९३४ मध्ये ‘द शोल्डर’ हा ग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध केला. खांदा आखडण्याच्या विकारास इंग्रजीत रूढ असलेले ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यांचेच. १९३९ मध्ये स्वीडनमध्ये लिंडब्लोम यांनी सांध्यात क्ष-किरणरोधक द्रव सोडून तो फाटीतून कोठे झिरपतो हे पाहिले. उपाय चतुर खरा, पण त्यात कंडरेचे स्वतःचे रूप दिसत नसे.

एमआरआयचे वैशिष्ट्य येथेच आहे. हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संकेत हा या चित्राचा आधार असून, संकेत देहातील कोणत्या जागेवरून आला हे चुंबकक्षेत्रात क्रमशः फरक करून ओळखता येते, ही कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. हाडाचे कठीण कवच या चित्रात काळे दिसते, निरोगी कंडराही काळी दिसते. मज्जेतील चरबी व साठलेला द्रव योग्य पद्धतीत उजळ दिसतात. काळ्या कंडरेत उजळ रेघ दिसली तर तेथे फाट असावी, असा हा तर्क.

तरीही खांद्याच्या वाट्यास हे चित्र उशिराच आले. रुग्ण चुंबकात उताणा निजला की खांदा मध्यरेषेपासून दूर, क्षेत्र कमी एकसारखे असते अशा कडेच्या भागात येतो. शिवाय श्वासोच्छ्वासाने तो हलतो. अंगालगत ठेवावयाची छोटी संकेतग्राहक वेटोळी प्रचारात आल्यावरच, म्हणजे १९८६-८७ च्या सुमारास, रोटेटर कफच्या फाटींचे निदान एमआरआयने होऊ लागले. बोटाच्या पहिल्या चित्रापासून यास दहा वर्षे लागली.

पण चित्र मिळाले म्हणजे निदान मिळाले, असे झाले नाही. कंडरेतील तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करीत असतील, तर काही प्रकारच्या चित्रांत निरोगी कंडराही उजळ दिसते. खांद्यातील सुप्रास्पायनेटस ही कंडरा हाडास चिकटण्यापूर्वी नेमकी अशीच वळते. एरिक्सन यांच्या १९९१ च्या अभ्यासाने कंडरांतील हा भ्रम चिकित्सकांच्या ध्यानी आणला. तो समजून घेतल्यावर टाळता येतो. दुसरी अडचण मात्र यंत्राची नव्हती. १९९५ मध्ये शेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींचे एमआरआय तपासले. त्यांतील ३४ टक्के व्यक्तींत कंडरा अंशतः किंवा पूर्णपणे फाटलेली आढळली. साठीपुढील व्यक्तींत हे प्रमाण ५४ टक्के होते. वेदना नाही, हात वर जातो, नित्याची कामे होतात, आणि चित्रात मात्र फाट. हिला रोग म्हणावे की वार्धक्याची खूण, याचे उत्तर चित्रात नाही. दुखऱ्या खांद्याच्या चित्रात तशीच फाट आढळली, तरी वेदना तिच्यामुळेच आहे हेही त्यामुळे सिद्ध होत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्यास घ्यावयाचा असतो, त्यास हा प्रश्न चुकविता येत नाही.

या ठिकाणी कॉडमन यांच्या दुसऱ्या कार्याचे मोल कळते. प्रत्येक रुग्णाच्या नावे एक कार्ड ठेवावे, तक्रार, निदान व उपचार त्यावर लिहावेत, आणि निदान एक वर्षानंतर रुग्णास पुन्हा तपासून उपचाराचा अंतिम परिणाम त्याच कार्डावर नोंदवावा, असा त्यांचा आग्रह होता. तो न मानला गेल्याने १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या समकालीनांस हा हटवादीपणा वाटला, आणि स्वभावाने कॉडमन हट्टी होतेही. फाट आणि वेदना यांचा संबंध ठरविण्यास एका दिवसाचे चित्र अपुरे पडते. त्याच खांद्याची वर्षानंतरची, पाच वर्षांनंतरची नोंद तेथे लागते, आणि अशी नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांचे पीक एमआरआय खांद्यापर्यंत पोहोचल्यानंतरच्या दशकांत आले.