डॅनेब्रो: राजाचे निशाण, प्रजेचे निशाण

डेन्मार्कमध्ये राष्ट्रध्वज सर्वाधिक नजरेत भरतो तो सरकारी इमारतींवर नव्हे. कोपनहेगनच्या विमानतळावर परतणाऱ्या आप्तांच्या स्वागतासाठी लोक कागदी ध्वज घेऊन उभे असतात. पुढे तोच तांबडा, पांढऱ्या क्रुसाचा ध्वज, म्हणजे ‘डॅनेब्रो’, वाढदिवसाच्या केकवर, नाताळच्या झाडावर, बागेतील उंच काठीवर भेटत राहतो. ध्वजाला सलामीच्या शिस्तीतच पाहण्याची सवय असलेल्या भारतीय प्रवाशाला हा घरगुतीपणा नवलाचा वाटतो.

हा घरगुतीपणा मात्र ध्वजाइतका प्राचीन नाही. दंतकथेनुसार १२१९ साली, आजच्या एस्टोनियातील लढाईत, राजा दुसरा वाल्डेमार संकटात असताना हा ध्वज आकाशातून पडला. पडला तो राजाच्या पक्षात, आणि शतकानुशतके प्रामुख्याने सत्तेचे, सैन्याचे आणि आरमाराचेच निशाण राहिला. १८३४ साली तर खासगी व्यक्तींना तो उभारण्याची मनाईच झाली. पुढे १८४८ ते १८५०च्या श्लेस्विग युद्धाने राष्ट्रभावना चेतवली. १८४९च्या संविधानाने अनियंत्रित राजसत्ता संपवली. लोकांनी ध्वज आपला मानला आणि १८५४ साली शासनाने त्याला मान्यता दिली. जुनी विभागणी आकारात तेवढी उरली आहे: दुभंगलेल्या टोकाचा ध्वज मुख्यतः राजघराण्याचा व शासनाचा, आयताकृती ध्वज सर्वांचा.

येथे आपला इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. सामान्य भारतीयाला वर्षभर तिरंगा फडकावण्याची मोकळीक २६ जानेवारी २००२पासूनच्या ध्वजसंहितेने दिली. सन्मानाने ध्वज फडकावणे हा नागरिकाचा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मान्य केले. राजेशाही टिकवून ठेवलेल्या देशाने जे १८५४ साली दिले, ते प्रजासत्ताकाने द्यायला अर्धशतक घेतले.

तथापि, लोकांच्या हाती आलेला ध्वजही परक्याला दूर ठेवू शकतो. परदेशी ध्वज उभारण्यास मनाई करणाऱ्या १९१५च्या डॅनिश आदेशाला पुरेसा कायदेशीर आधार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला; खटला अमेरिकेचा ध्वज उभारणाऱ्या नागरिकाचा होता. त्यावर संसदेने नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०२५पासून, काही अपवाद वगळता, ही मनाई पुन्हा लागू झाली. बागेतील काठीवर काय चढावे हे १८३४ साली राजसत्ता ठरवत होती. आज लोकांनी निवडलेली संसद ठरवते. केकवरच्या कागदी ध्वजाचे कौतुक करताना या काठीकडेही पाहिले पाहिजे.