उपाशी सापाची गोष्ट

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे साप हा काही नवलाचा विषय नाही. धानाच्या बांधीत, कुडाच्या भिंतीत, मोहफुलं वेचताना पाचोळ्यात, कुठे ना कुठे तो भेटतोच. नाग, मण्यार, घोणस, धामण, अजगर हे तर आहेतच, पण काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पट्टेरी मण्यारही इकडच्या जंगलात आढळतो. इतक्या जवळच्या शेजाऱ्याबद्दल आपली माहिती मात्र तोकडी. साप काय खातो असं विचारलं, तर अजूनही निम्मे लोक सांगतील, दूध!

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. शेतात अजगराचं पिल्लू सापडलं होतं आणि पोरांच्या हट्टापायी त्याने ते पाण्याच्या ड्रममध्ये ठेवलं होतं. तीन आठवडे झाले होते. "सर, अंडं ठेवलं, कोंबडीचं मटण ठेवलं, दूधही ठेवून पाहिलं. तो काहीच खाऊन नाही राहिला जी!" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, प्राणिशास्त्र नव्हे. पण निवृत्त मास्तर सर्वज्ञ असतो अशी आपल्याकडे समजूत आहे, त्याला काय करणार? मी एवढंच सांगितलं, की रानातला साप असा घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आजच्या आज वनखात्याला कळव. त्याने कळवलं. पिल्लू गेलं, पोरं दोन दिवस रुसली. असो. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि मग सवयीप्रमाणे मी त्याचा इतिहास धुंडाळायला लागलो.

कोंडलेला साप खात नाही हे सर्वात आधी ओळखलं असेल ते गारुड्याने. त्याच्या टोपलीतला नाग हा बहुधा उपाशीच असे. विषाचे दात उपटलेले, कधी तोंडही शिवलेलं. मग तो खाणार कशाने? तो महिना-दोन महिने तग धरी, आणि मेला की नवा पकडायचा. नागपंचमीच्या आधी त्याला मुद्दाम पाण्यावाचूनही ठेवीत. तहानेने कासावीस झालेला प्राणी पुढ्यात येईल ते ओलं तोंडाशी घेतो, तसा तो वाटीतल्या दुधाला तोंड लावी आणि आयाबाया हात जोडीत. सापाला दूध पचत नाही. आपण ज्याला प्रसाद समजत होतो तो पुष्कळदा त्याचा शेवटचा घोट असे. लहानपणी मीही दारावर आलेल्या गारुड्यापुढे आईच्या शेजारी हात जोडून उभा राहिलेलो आहे, त्यामुळे हे लिहिताना जरा चरकायला होतं.

गारुड्याला साप मेला तरी चालत होतं. प्रयोगशाळेला चालेना. आल्बेर काल्मेट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात सर्पविषावरची लस तयार केली. ती करायची तर घोड्याला थोडं थोडं विष टोचावं लागतं, आणि विषासाठी जिवंत साप हाताशी लागतात. आपल्याकडे मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. तीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम्ब यांनी नागाच्या आणि घोणसाच्या विषावर काम केलं. अडचण सगळीकडे तीच होती, पिंजऱ्यातला साप तोंडच उघडेना. काल्मेटने १९०७ च्या आपल्या ग्रंथात यावरचा उपाय दिला आहे. सापाला धरायचं, तोंड उघडायचं, लांब नळीचं नरसाळं घशात घालायचं आणि फेटलेली अंडी आत ओतायची. आपण हट्टी पोराला एरंडेल पाजतो तसंच म्हणा ना! फरक एवढाच की हे पोर नाग आहे.

या रीतीने साप काही काळ जगत, पण सगळे नाही. नळीने घशाला इजा होते, जखम चिघळते, घातलेलं अन्न साप ओकून टाकतो, आणि ओकताना त्याची आणखी शक्ती जाते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात रेमंड डिटमार्स यांच्या काळात तर भल्यामोठ्या अजगराला रांगेने माणसं धरून उभी राहत आणि बांबूने भक्ष्य त्याच्या घशात ढकलीत. एवढा खटाटोप कशासाठी, तर लोकांना अजगर पाहायचा होता.

खरं तर साप उपाशी का राहतो, याचा एक सुंदर धडा पॅरिसमध्ये फार आधी मिळाला होता. लामार-पिको नावाचे एक फ्रेंच प्रवासी बंगालकडे राहून गेले आणि १८३२ साली त्यांनी मायदेशी सांगितलं, की हिंदुस्थानातली अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि ती उबवते. पंडितांनी त्यांना वेड्यात काढलं. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून देणार? पण १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहातल्याच एका मादीने अंडी घातली आणि वालाँसियेन यांनी तापमापक लावून पाहिलं. वेटोळ्यातली उष्णता सभोवतीच्या हवेपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. ती सुमारे दोन महिने तशी बसून होती. मधूनमधून पाणी प्यायली, अन्नाला शिवली नाही. प्रवासी खरा ठरला, पंडित खोटे ठरले. (इतिहासाच्या मास्तराला असे प्रसंग फार आवडतात.)

म्हणजे न खाणं हा दर वेळी आजार नसतो. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांत तो सहसा खात नाही. थंडीत त्याचं पचन मंदावतं. आमच्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पोटात गेलेला उंदीर आतच सडायचा, म्हणून तो खाणंच टाळतो. आणि भक्ष्य त्याच्या ओळखीचं हवं. पट्टेरी मण्यार मुख्यतः दुसरे साप खातो, त्याच्यापुढे अंडं ठेवून काय उपयोग? यातलं काहीच नसलं तर उरते ती भीती. लपायला जागा नाही, सारखी माणसं डोकावताहेत, अशा ठिकाणी साप जेवत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा ड्रम आठवा.

डॉ. पु. ज. देवरस यांनी हाफकिनमध्ये वर्षानुवर्षं साप सांभाळले आणि १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतातल्या सापांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आमच्या जिल्ह्यात १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसाचा लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि डॉ. प्रकाश आमटे यांचं प्राणी अनाथालय पुढे त्यातूनच उभं राहिलं. शिकार झालेल्या माकडिणीच्या पिलापासून सुरुवात झालेल्या त्या घरात सापही आले. तिथल्या दवाखान्यात सर्पदंशाचे रोगीही येतात. एकाच अंगणात साप सांभाळणारे आणि साप चावलेल्याला वाचवणारे हात आहेत, हे मला त्या जागेचं मोठं वैशिष्ट्य वाटतं.

प्रयोगशाळेच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शेवटी तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींकडून मिळालं. कातड्याच्या व्यापारासाठी साप धरणाऱ्या या लोकांचा धंदा कायद्याने बंद झाला, आणि १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. साप पकडायचा, मातीच्या मडक्यात अंधारात ठेवायचा, तीन-चार आठवड्यांत तीन-चार वेळा विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. एवढे दिवस न खाता राहणं सापाला मुळीच जड नाही. नरसाळंही नको, अंडीही नकोत! भल्याभल्या संस्थांनी वर्षानुवर्षं जे भरवून साधायचा प्रयत्न केला, ते इरुळांनी सोडून देऊन साधलं.

देशात सर्पदंशाच्या लसीसाठी लागणारं बहुतेक विष आज त्याच संस्थेकडून जातं. भामरागडच्या एखाद्या आरोग्य केंद्रातली कुपीही बहुधा त्याच विषापासून बनलेली असते. आता अभ्यासक सांगतात की नागाचं आणि घोणसाचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि दक्षिणेकडच्या विषावरून केलेली लस दूरच्या भागात तितकी लागू पडत नाही. धानाच्या बांधीत पाय टाकणाऱ्या आमच्या बाईला ज्या नागापासून धोका आहे, त्याचं विष त्या कुपीत नसतं. तेव्हा इरुळांसारखी संस्था आपल्या बाजूला का नसावी, हे विचारण्यासारखं आहे.