कळस परिसर : भूगोल, हवामान व निसर्ग

कळस हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील गाव. तालुक्याच्या उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. नीरा नरसिंहपूर येथे दोन्हींचा संगम होतो. मधला प्रदेश दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. माळावर मुरमाड, उथळ जमीन, तर नदीकाठी खोल काळी माती आढळते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे हवामान कोरडे. वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिमी. जूननंतर लांबणारी उघडीप आणि सप्टेंबरमधील परतीच्या सरी शेतीचे भवितव्य ठरवतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. नीरा डावा कालवा पोहोचला तिथे ऊस डोलतो; बाकी शिवारात ज्वारी, बाजरी.

ओसाड वाटणारा माळ प्रत्यक्षात समृद्ध गवताळ परिसंस्था आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि बाभूळ, बोर, हिवर यांच्या आधाराने चिंकारा, लांडगा, खोकड व धाविक पक्षी जगतात. चिंकारा पाण्याची बरीच गरज वनस्पतींतूनच भागवतो. तालुक्यातील कडबनवाडीचा माळ आणि बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) चिंकाऱ्यासाठी ओळखले जातात.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने भिगवणजवळ पाणथळ जागा निर्माण झाली. हिवाळ्यात तिथे रोहित आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हे पक्षी उतरतात.

गवताळ माळाला पडीक समजून त्यावर सरसकट झाडे लावल्यास चिंकारा व धाविक यांचा अधिवासच नष्ट होतो.