कुत्र्यांमधील क्षुधानाश

कुत्र्यांमधील क्षुधानाश म्हणजे पाळीव कुत्र्याची भूक कमी होणे किंवा त्याने अन्न घेणे पूर्णपणे थांबवणे. हा स्वतंत्र आजार नसून एक लक्षण आहे. उन्हाळ्यातील उकाड्यापासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत अनेक कारणांनी ते उद्भवते. त्यामुळे ‘कुत्रा जेवत नाही’ एवढ्या माहितीवरून रोगनिदान करता येत नाही. कुत्रा किती काळ उपाशी आहे, तो पाणी पितो का, त्याचे वय किती आणि सोबत दुसरे कोणते लक्षण आहे, यांवरून प्रसंगाचे गांभीर्य ठरते.

निरोगी प्रौढ कुत्रा एखाद्या वेळचे अन्न नाकारतो, यात वावगे काही नाही. मात्र सलग चोवीस तास काहीही न खाल्लेल्या प्रौढ कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. लहान पिल्ले आणि अगदी छोट्या जातींचे कुत्रे यांच्या शरीरात साखरेचा साठा अल्प असतो. उपवासाने त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने घटून अंग थरथरणे, ग्लानी व झटके येऊ शकतात. म्हणून पिल्लांच्या बाबतीत बारा तासही थांबू नये.

भूक आणि तिचे नियमन

भुकेचे नियंत्रण मेंदूतील अधश्चेतक या भागातून होते. रिकाम्या जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक भूक चाळवते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन ती आवरते. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल, तर प्रतिकारयंत्रणेतील सायटोकाइन नावाची प्रथिने याच केंद्रावर परिणाम करून भूक दडपतात. ताप आलेला कुत्रा अन्नाकडे पाठ फिरवतो, तो हट्टीपणा नसतो.

कुत्र्याच्या बाबतीत वासाचे महत्त्व माणसापेक्षा पुष्कळ अधिक आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून, अन्न पोटात जाण्यापूर्वीच त्याच्या दर्शनाने व वासाने जठररस स्रवू लागतो हे दाखवून दिले. पचनक्रियेवरील या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नाक चोंदलेला कुत्रा आवडीचे अन्नही का हुंगून सोडतो, याचे उत्तर यातच आहे.

प्रकार

पशुवैद्यकात खाणे पूर्ण बंद होणे, खाणे कमी होणे आणि आवड बदलणे, म्हणजे नेहमीचे अन्न नाकारून फक्त विशिष्ट पदार्थ खाणे, अशा तीन अवस्था मानतात. यांखेरीज आभासी क्षुधानाश हा एक महत्त्वाचा प्रकार आहे. यात भूक शाबूत असते. कुत्रा भांड्याजवळ येतो, अन्न तोंडात घेतो, पण चावता किंवा गिळता न आल्यामुळे ते टाकून देतो. किडलेला अथवा तुटलेला दात, हिरड्यांचा दाह, टाळूत अडकलेला हाडाचा तुकडा, जबड्याचा अस्थिभंग किंवा घशातील गाठ ही त्याची नेहमीची कारणे होत. तीन वर्षांहून मोठ्या बहुतेक कुत्र्यांना दातांचा व हिरड्यांचा कमी-अधिक विकार असतो.

आजाराशिवाय भूक मंदावणे

कडक उन्हाळ्यात कुत्रे दुपारी अन्न टाळतात व सकाळी किंवा रात्री थंडाव्यात खातात. घर बदलणे, मालक परगावी जाणे, नवे मूल किंवा नवा प्राणी घरात येणे यांमुळेही खाणे घटते. दिवाळीतील फटाक्यांच्या आवाजाने काही कुत्रे पलंगाखाली दडून बसतात आणि दिवसभर अन्नाला तोंड लावत नाहीत. सोबतचा कुत्रा मेल्यावर होणाऱ्या बदलांविषयी इटलीतील मालकांचे एक सर्वेक्षण २०२२ साली प्रसिद्ध झाले. मागे राहिलेल्या कुत्र्याचे खाणे कमी झाल्याचे त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मालकांनी नोंदवले होते.

परिसरात माजावर आलेली मादी असल्यास नर कुत्रा खाणे विसरतो. गाभण कुत्री विण्यापूर्वीच्या एका दिवसात बहुधा खात नाही. याच सुमारास तिच्या शरीराचे तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या आसपास उतरते. लसीकरणानंतरची सुस्ती एखाद्या दिवसात ओसरते. जेवणाच्या मधल्या वेळात बिस्किटे व घरातील खाणे मिळत राहिलेला कुत्रा जेवणाच्या वेळी उदासीन दिसतो, हे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

रोगजन्य कारणे

पोटाचे विकार, जंत, यकृताचे व स्वादुपिंडाचे आजार, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, कर्करोग, सांधेदुखी आणि कोणतीही तीव्र वेदना यांत भूक मंदावते. लसीकरण न झालेल्या पिल्लांत पार्व्हो विषाणूचा संसर्ग विशेष घातक ठरतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या या रोगात पिल्लू प्रथम मलूल होते व खाणे सोडते. त्यानंतर उलट्या आणि रक्तमिश्रित, उग्र दुर्गंधीचे जुलाब सुरू होतात. डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगात डोळ्यांतून व नाकातून स्राव येतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यात ताप, उलट्या व कावीळ दिसते आणि तो माणसालाही होऊ शकतो.

नसबंदी न केलेल्या मादीने माज संपल्यानंतर एक-दोन महिन्यांत खाणे सोडले आणि ती वारंवार पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू साठल्याची, म्हणजे पायोमेट्राची, शंका घेतात. योनिमार्गातून पू बाहेर येतोच असे नाही. गर्भाशयाचे मुख बंद असल्यास तो आतच साठतो आणि प्रकृती अधिक वेगाने ढासळते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या जातींत जठर फुगून पिळले जाण्याचा विकार आढळतो. फुगलेले पोट, अस्वस्थ येरझारा आणि काहीही बाहेर न पडणाऱ्या कोरड्या उमाळ्या ही त्याची खूण होय. यात काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर कुत्रा दगावतो.

विषबाधेच्या कारणांत उंदीर मारण्याचे औषध, कीटकनाशके, चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षे व मनुका आणि काही साखरविरहित पदार्थांतील झायलिटॉल यांचा समावेश होतो. रक्त पातळ करणाऱ्या प्रकारच्या उंदीरनाशकाची लक्षणे तीन ते पाच दिवसांनी दिसतात. त्यामुळे खाल्लेल्या विषाचा आणि आजाराचा संबंध मालकाच्या लक्षात न येण्याची शक्यता असते.

गोचीड ताप

भारतासारख्या उष्ण प्रदेशांत कुत्र्याने खाणे सोडण्यामागे गोचीड तापाचा विचार आवर्जून करावा लागतो. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींत वाढतो. १९३५ साली अल्जीरियात त्याचे प्रथम वर्णन झाले. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे या रोगाने दगावले, तेव्हा त्याकडे जगाचे लक्ष गेले. गोचिडींतूनच पसरणारा बबेसिया हा परजीवी लाल पेशी फोडतो. त्यामुळे रक्तक्षय होतो व लघवी गडद होते. दोन्ही संसर्ग एकाच कुत्र्यात एकाच वेळी आढळू शकतात.

चावा झाल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, मरगळ, क्षुधानाश आणि गाठी सुजणे ही लक्षणे दिसतात. रक्ततपासणीत बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घटलेल्या आढळतात. या रोगाची फसवी बाजू पुढे येते. उपचार न करताही पुष्कळदा दोन ते चार आठवड्यांत ताप उतरतो, कुत्रा पूर्ववत खाऊ लागतो आणि तो बरा झाला असे घरच्यांना वाटते. जिवाणू मात्र शरीरात टिकून राहतो. काही कुत्र्यांत महिन्यांनी किंवा वर्षांनी जुनाट अवस्था उद्भवते. अस्थिमज्जा निकामी होऊ लागते, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि नाकातून रक्त येते. या टप्प्यावर उपचाराला यश मिळणे कठीण असते. पहिल्या अवस्थेत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केल्यास एक-दोन दिवसांतच कुत्रा खाऊ लागतो. तरीही औषध सुमारे चार आठवडे चालू ठेवावे लागते. भूक परत आली म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडणे ही या रोगाच्या उपचारातील मोठी चूक आहे.

तपकिरी गोचीड घरातही आपले जीवनचक्र पूर्ण करते. ती भिंतींच्या फटींत व अंथरुणाच्या घड्यांत अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी काढून घर तसेच ठेवल्यास त्या पुन्हा होतात.

रेबीजची शक्यता

खाता किंवा गिळता न येणाऱ्या कुत्र्याबाबत भारतात रेबीजची शक्यता ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पिसाळलेला कुत्रा आक्रमकच असतो, हा समज अपुरा आहे. रेबीजच्या मुक्या, म्हणजे पक्षाघाती, प्रकारात कुत्रा शांत असतो. त्याचा खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलतो, लाळ गळते आणि पाणीही गिळता येत नाही. हे दृश्य घशात हाड अडकल्यासारखे दिसते. हाड शोधण्यासाठी तोंडात हात घालणाऱ्या व्यक्तीच्या हातावरील जखमेतून लाळेतील विषाणू शरीरात शिरू शकतो. लसीकरणाचा इतिहास ठाऊक नसलेल्या, लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये आणि त्याला बळजबरीने भरवू नये. चावा झाल्यास किंवा लाळ जखमेला लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो.

घरी करावयाचे निरीक्षण

निरोगी कुत्र्याच्या हिरड्या ओलसर व गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. फिकट हिरड्या रक्तक्षय वा रक्तस्राव सुचवतात, पिवळ्या हिरड्या कावीळ आणि चिकट-कोरड्या हिरड्या निर्जलीकरण. गुदद्वारात मोजलेले सर्वसाधारण तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. हे माणसाच्या तापमानापेक्षा जास्त असल्याने कुत्र्याचे अंग हाताला गरम लागते. नाक कोरडे की ओले यावरूनही ताप ठरत नाही. शेवटचे अन्न केव्हा घेतले, पाणी किती प्यायले, उलटी, शौच व लघवी कशी झाली, अंगावर गोचिडी आहेत का, घरातील एखादी वस्तू कुरतडली गेली का, याची नोंद पशुवैद्याला थेट उपयोगी पडते.

वारंवार उलट्या, उलटीत किंवा शौचात रक्त, फुगलेले पोट, श्वासाचा त्रास, फिकट हिरड्या, झटके, लघवी बंद होणे किंवा विष खाल्ल्याची शंका यांपैकी काहीही असल्यास चोवीस तासांची मुदत लागू होत नाही.

इतर लक्षणे नसतील, तर थोडे कोमट केलेले अन्न द्यावे. कोमटपणाने वास वाढतो. हाडे व मसाला काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस आणि मऊ भात थोडा थोडा देण्याची पद्धत रूढ आहे. पंधरा-वीस मिनिटांत न खाल्लेले भांडे उचलावे. पाणी मात्र कायम समोर असावे. मराठी घरांत आजारी कुत्र्याला दूध-पोळी देण्याची रीत आहे, परंतु अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. तोंड उघडून अन्न कोंबल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मळमळणाऱ्या कुत्र्याच्या मनात त्या अन्नाविषयी कायमचा तिटकाराही निर्माण होतो. विष उलटून टाकण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे स्वतःच धोकादायक आहे.

माणसांची औषधे देणे हा घरगुती उपचारांतील सर्वांत घातक प्रकार होय. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात व मूत्रपिंडाला इजा होते. पॅरासिटामॉलचे प्रमाण जास्त झाल्यास यकृत व लाल पेशींची हानी होते. ताप उतरवण्याच्या हेतूने दिलेली गोळी मूळ आजारापेक्षा महाग पडू शकते.

निदान व उपचार

पशुवैद्य तोंडाची व पोटाची तपासणी करतात. आवश्यकतेनुसार रक्त, लघवी व शौचाच्या चाचण्या, क्ष-किरण चित्र आणि सोनोग्राफी केली जाते. उपचार मूळ कारणावर असतो. सोबत सलाईन, वेदनाशामके आणि मळमळ थांबवणारे मॅरोपिटंटसारखे औषध दिले जाते. घ्रेलिनसारखे कार्य करणाऱ्या कॅप्रोमोरेलिन या भूकवर्धक औषधाला अमेरिकेत २०१६ साली कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. निदानाआधी केवळ भूक वाढवण्याचे औषध दिल्यास आजार झाकला जातो.

विश्रांतीत असलेल्या कुत्र्याची दैनंदिन ऊर्जेची गरज, वजनाचा (किलोग्रॅममध्ये) ०.७५ वा घात गुणिले ७०, या सूत्राने काढतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी ती सुमारे ४०० किलोकॅलरी येते. तीन ते पाच दिवस पुरेसे अन्न गेले नसेल, तर नाकातून किंवा मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून पोषण दिले जाते. दीर्घ उपवासानंतर एकदम पूर्ण आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायकरीत्या घसरू शकतात. म्हणून आहार काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवतात.

वार्धक्यातील क्षुधानाश

वृद्ध कुत्र्यांत वासाची जाणीव मंदावणे, दातांचे दुखणे आणि मूत्रपिंडाचा विकार ही कारणे एकत्र येतात. ‘वय झाले’ म्हणून सोडून दिलेल्या कुत्र्यांतील काही केवळ सडलेला दात काढल्यावर पुन्हा खाऊ लागतात, म्हणून तपासणी टाळणे योग्य नाही. असाध्य आजारात मात्र भूक ही जीवनमान ठरवण्याची एक कसोटी बनते. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांच्या मापनश्रेणीत वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण दिले जातात. एकूण गुण ३५ पेक्षा अधिक असल्यास शुश्रूषा चालू ठेवणे ग्राह्य मानतात. त्याखाली गेल्यास दयामरणाचा निर्णय कुटुंब आणि पशुवैद्य मिळून घेतात.