निजिन्स्कीची बहीण नव्हे, ब्रोनिस्लावा निजिन्स्का

१/
२९ मे १९१३, पॅरिस. स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावरील ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्याच प्रयोगात प्रेक्षागृहात गदारोळ माजला. नृत्यरचना होती वास्लाव निजिन्स्कीची. बळी जाणाऱ्या कुमारिकेची भूमिका त्याने आपल्या धाकट्या बहिणीसाठी योजली होती. पण गरोदरपणामुळे तिला ती सोडावी लागली. हा थ्रेड त्या बहिणीविषयी आहे.

२/
ब्रोनिस्लावाचा जन्म १८९१चा, मिन्स्कचा. आईवडील पोलिश नर्तक. सेंट पीटर्सबर्गच्या शाही नृत्यशाळेत शिकून १९०८मध्ये ती मारिन्स्की रंगमंदिरात रुजू झाली. १९११मध्ये वेशभूषेच्या वादातून वास्लावला तेथून काढून टाकण्यात आले, तेव्हा तिनेही राजीनामा दिला. पुढे दोघेही दियागिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या मंडळीत पूर्णवेळ नाचू लागले.

३/
‘आफ्टरनून ऑफ अ फॉन’ (१९१२) या बॅलेच्या हालचाली वास्लावने आधी बहिणीकडून करवून पाहिल्या होत्या. रचना कशी आकारास येते, हे ती अशा रीतीने स्वतःच्या देहातून शिकली.

४/
महायुद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत १९१९मध्ये तिने कीव्हमध्ये स्वतःची नृत्यशाळा काढली. नृत्याचा प्राण सुंदर पवित्र्यांत नसून एका पवित्र्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या गतीत आहे, ही तिची भूमिका. त्याच वर्षी वास्लावला मानसिक आजाराने कायमचे ग्रासले. १९२१मध्ये आई आणि दोन मुलांना घेऊन ती देशाबाहेर पडली. दियागिलेव्हने तिला पुन्हा बोलावले. या वेळी नृत्यरचनेसाठीही.

५/
१३ जून १९२३ रोजी पॅरिसमध्ये ‘ले नोस’ सादर झाला. विषय रशियन खेड्यातील लग्न, संगीत स्ट्राव्हिन्स्कीचे. चित्रकार गोंचारोव्हाने आरंभी भरजरी, रंगीबेरंगी पोशाख रेखाटले होते. निजिन्स्काने ते नाकारले. अखेर मंचावर आले ते तपकिरी आणि पांढरे साधे कपडे.

६/
कारण तिला या लग्नात उत्सव दिसत नव्हता. सख्या वधूच्या लांबलचक वेण्या दोरखंडासारख्या हाती धरतात. पुढे त्यांच्या डोक्यांची उतरंड रचली जाते. बॅलेत चवड्यांच्या टोकावरचे नृत्य एरवी नर्तकीला हवेत तरंगल्याचा भास देते; येथे तेच पाय जमिनीवर घाव घालतात. वर काय किंवा वधू काय, निर्णय कोणाचाच नाही. १९१३च्या कुमारिकेप्रमाणेच या मुलीचेही भवितव्य समूहच ठरवतो. फक्त येथे त्याला बळी न म्हणता लग्न म्हणतात.

७/
१९२४मध्ये ‘ले बिश’ आला. १९२८मध्ये राव्हेलच्या सुप्रसिद्ध ‘बोलेरो’ची पहिली नृत्यरचनाही तिचीच. पुढे ती अमेरिकेत स्थायिक झाली, आणि तिचे नाव हळूहळू मागे पडले. स्वरलिपीमुळे संगीत उरते, चित्रे संग्रहालयांत टिकतात. नृत्य मात्र कोणी नाचले तरच जगते.

८/
१९२८मध्ये तिच्या हाताखाली फ्रेडरिक ॲश्टन नावाचा एक तरुण इंग्रज नाचला होता. १९६०च्या दशकात तो लंडनच्या रॉयल बॅलेचा संचालक झाला आणि त्याने आपल्या गुरूला बोलावून घेतले. सत्तरी ओलांडलेल्या निजिन्स्काने १९६४मध्ये ‘ले बिश’ आणि १९६६मध्ये ‘ले नोस’ नव्या पिढीच्या अंगी उतरवले. १९७२मध्ये ती गेली. ‘ले नोस’ आजही नाचला जातो.