सावित्रीमाईंच्या शिक्षिकेला आपण का विसरलो?

३ जानेवारीला बीड जिल्ह्यातल्या गावागावांत आम्ही सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालतो. भाषणे होतात, पोरी माईंच्या वेशात येतात. पण माईंना शिकवायला कोणी शिकवले, हा प्रश्न आमच्या व्यासपीठावर क्वचितच येतो. त्याचे उत्तर आमच्या शेजारीच, आष्टी तालुक्याची सीमा ओलांडली की लागणाऱ्या नगर जिल्ह्यात आहे.

सिंथिया फरार. १७९५ साली अमेरिकेत जन्मलेली ही अविवाहित बाई अमेरिकन मिशनतर्फे १८२७ साली मुंबईत उतरली. याच मिशनने पुढे १८३० साली आपला पहिला माणूस चीनच्या कँटन बंदरात पाठवला. म्हणजे मुंबई काय, चीन काय, हेतू एकच होता, धर्मप्रसार. हे आम्ही लपवत नाही. पण फरारबाईंनी हातात घेतलेले काम मुलींच्या शाळांचे होते. १८३९ मध्ये त्या अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. आयुष्याची जवळपास पस्तीस वर्षे त्यांनी या मातीत घालवली.

जोतीराव नगरला गेले, फरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही नगरला, याच बाईंकडे.

इथे दोन गट आमच्यावर तुटून पडतात. पहिला म्हणतो, मिशनऱ्यांची शाळा म्हणजे धर्मांतराचा सापळा. आमचा साधा प्रश्न आहे: सापळा होता, तर तुमच्या पाठशाळेचे दार आमच्या मुलींसाठी उघडे का नव्हते? ज्यांनी स्वतःच्या लेकींनाही अक्षर शिवू दिले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या हेतूची झडती घेऊ नये.

दुसरा गट म्हणतो, सगळे श्रेय मिशनऱ्यांचे, फुल्यांनी फक्त नक्कल केली. हेही खोटे. जोतीराव-सावित्रीमाईंनी शिकवण्याची पद्धत घेतली, पण शाळा चालवली ती जातिव्यवस्था मोडण्यासाठी. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. तो निबंध छापला ‘ज्ञानोदय’ने, म्हणजे मिशनच्याच पत्राने. छपाई मिशनची असेल, पण आवाज आमचा होता.

बाबासाहेबांनीही हाच विवेक शिकवला. मिशनऱ्यांनी केलेली सेवा त्यांनी नाकारली नाही, पण धर्म बदलूनही चर्चमध्ये जात शिल्लक राहते, हे ठणकावून सांगितले. आणि शिक्षणासाठी कुणाच्या दयेवर विसंबायला नको म्हणून १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली. निजामी राजवटीत पिचलेल्या मराठवाड्यासाठी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. बीडच्या कितीतरी घरांतली पहिली पदवी तिथून आली.

मित्रांनो, आता आपल्याकडे पाहू. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयत्यांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. आईबापांबरोबर लेकरंही बैलगाडीत, ट्रकमध्ये बसतात. पटावर नाव राहते आणि पोरगी फडात पाचट गोळा करते, धाकट्या भावंडाला सांभाळते. परत येईपर्यंत वर्ष बुडालेले असते, आणि मग लग्नाची घाई.

सात समुद्र ओलांडून आलेली एक बाई परक्या भाषेत, परक्या मुलींसाठी पस्तीस वर्षे खपली. आम्हाला तर भाषाही आपली आणि मुलीही आपल्याच. मग फडावरच्या पालात संध्याकाळी दोन तास पाटी घेऊन बसायला आम्हाला कोणी अडवले आहे?

येत्या ३ जानेवारीला हार एक कमी घाला. त्या पैशात पाट्या घ्या आणि जवळच्या फडावर जा. माईंना तेच आवडेल.

जय भीम! जय सावित्री!